रानपिंगळ्याचा पत्ता

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पिंगळा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे, निदान ऐकलेला तरी आहेच. अकोला असो की अमरावती, जुना कडुनिंब किंवा चिंच असली की तिच्या ढोलीत एखादी जोडी राहतेच. दिवेलागणीला दोघं विजेच्या तारेवर येऊन बसतात आणि शेजारच्या घरातल्यासारखी कचाकचा भांडतात. पहाटे कंदील आणि कुडमुडं घेऊन दारी येणारा पिंगळा जोशी या पाखराच्या बोलण्यावरून भविष्य सांगतो, असं माझी आजी म्हणायची. तो दारी आला की आम्ही मुलं गोधडीत तोंड लपवत असू.

आज बोलायचं आहे ते या पिंगळ्याच्या रानातल्या भाऊबंदाविषयी. त्याचं नाव रानपिंगळा. आपल्या मेळघाटात तो आहे. पण १८८४ पासून १९९७ पर्यंत, म्हणजे तब्बल ११३ वर्षं, तो जगात कुठेच नाही असं बहुतेक जाणकारांना वाटत होतं. कागदोपत्री तो हरवला होता. त्या हरवण्याच्या गोष्टीत एक लबाड माणूस आहे, एक चिकाटीची बाई आहे, आणि सांगायला संकोच वाटतो, पण शेवटी शेवटी थोडासा मीही आहे.

सुरुवात होते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्यापासून. शाळेत आपण सगळ्यांनी हे नाव काँग्रेसच्या स्थापनेच्या धड्यात पाठ केलं आहे. मी परतवाड्याला अठ्ठावीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं. ह्यूमसाहेबांची ओळख इतिहासाच्या तासाला होते आणि विज्ञानाच्या तासाला होत नाही, याची मला नेहमी गंमत वाटायची. कारण हा गृहस्थ नोकरीनं मुलकी अधिकारी असला तरी मनानं पक्ष्यांचा माणूस होता. सिमल्याच्या त्यांच्या बंगल्यात हजारो पक्ष्यांची पेंढा भरलेली कातडी रचून ठेवलेली होती. देशभर पसरलेले अधिकारी, डॉक्टर, इंजिनियर त्यांच्यासाठी पक्षी मारून पाठवत. त्या काळी पक्षिनिरीक्षण बंदुकीनंच व्हायचं. १८७२ पासून ह्यूम 'स्ट्रे फेदर्स' नावाचं एक नियतकालिक स्वतःच चालवत होते.

त्यांना पक्षी पाठवणाऱ्यांत एफ. आर. ब्ल्यूइट नावाचे एक गृहस्थ होते. १८७२ च्या डिसेंबरात त्यांनी आजच्या छत्तीसगडातल्या बसना-फुलझर भागात एक लहानसं घुबड मारलं. ह्यूमनी ते पाहिलं आणि हा पिंगळा आपल्या नेहमीच्या पिंगळ्यातला नाही हे ओळखलं. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, छाती गडद तपकिरी, पोट पांढरंशुभ्र, आणि पाय असे जाडजूड, पिसांनी भरलेले की जणू पांढरे पायमोजे चढवले आहेत. १८७३ मध्ये ह्यूमनी त्याला नाव दिलं 'हेटेरोग्लॉक्स ब्ल्यूइटी'. म्हणजे ब्ल्यूइटचं वेगळंच घुबड.

पुढे १८७७ मध्ये व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञाला ओरिसाकडे खरियारच्या बाजूला आणखी एक मिळालं. आणि मग १८८० ते १८८४ या काळात खानदेशात नेमणुकीवर असलेल्या जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्यानं शहादा आणि तळोद्याच्या जंगलांतून आणखी काही मिळवले. सगळे मिळून सात. जगातल्या सगळ्या संग्रहालयांत मिळून रानपिंगळ्याचे हे एवढे सात नमुने, आणि त्यानंतर शंभर वर्षांवर काही नाही.

ह्यूमचं पुढे काय झालं तेही सांगतो, कारण त्याचा या गोष्टीशी संबंध आहे. १८८४-८५ च्या हिवाळ्यात ते सिमल्याच्या घरी परतले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की भारतातल्या पक्ष्यांवर लिहिलेली त्यांची कितीतरी वर्षांची हस्तलिखितं घरातल्या नोकरानं बाजारात रद्दीच्या भावानं विकून टाकली आहेत. माणसाचं मनच उडालं. १८८५ मध्ये त्यांनी सगळा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. कातडी आणि अंडी मिळून सुमारे ८२ हजार नमुने. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईला काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. ती रद्दी विकली गेली नसती तर काय झालं असतं, हा प्रश्न मी आमच्या इतिहासाच्या सरांना दर वर्षी विचारत असे आणि ते दर वर्षी चहा मागवत.

आता संग्रहालयातल्या पक्ष्याविषयी थोडं सांगायला हवं. पेंढा भरलेल्या पक्ष्याच्या पायाला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलेली असते. तिच्यावर तीन गोष्टी लिहितात: कुठे मिळाला, कधी मिळाला, कोणी मिळवला. मी मुलांना सांगायचो, अरे, पाखरापेक्षा ती चिठ्ठी महाग असते. चिठ्ठी गेली की उरतं ते नुसतं कापूस भरलेलं कातडं. आणि चिठ्ठी खोटी असली तर त्याहून वाईट, कारण मग ते कातडंच खोटं बोलायला लागतं.

रानपिंगळ्याच्या बाबतीत नेमकं हेच घडलं. कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागन हे ब्रिटिश लष्करातलं मोठं नाव. शिकारी, हेर, सैनिक आणि पक्षितज्ज्ञ म्हणून त्याचा दबदबा होता. त्यानं आपला सुमारे २० हजार पक्ष्यांचा संग्रह १९५४ मध्ये ब्रिटिश म्युझियमला भेट दिला. त्यात एक रानपिंगळा होता. चिठ्ठीवर लिहिलं होतं: मांडवी, तापी नदी, १९१४. म्हणजे आजच्या गुजरातेतल्या सुरतेजवळची मांडवी. पुढे ज्यांना ज्यांना रानपिंगळा शोधायचा होता त्यांच्या दृष्टीनं ही सर्वांत अलीकडची नोंद ठरली. १८८४ नंतरही पक्षी होता, तो तापीकाठी मांडवीला होता, असं सगळे धरून चालले. सलीम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ले या दोघांनी मिळून भारतीय पक्ष्यांचे दहा खंड लिहिले. त्यांनाही हा पक्षी सापडला नाही. मधूनच कोणाला तरी तो दिसल्याची आवई उठायची आणि विरून जायची.

माइनर्ट्‌झहागन १९६७ मध्ये वारला. जिवंतपणी त्याच्याविषयी दबक्या आवाजात कुजबुज असे. संग्रहालयातले पक्षी न विचारता नेले म्हणून त्याला एकदा पक्षीदालनात येण्याची बंदीही झाली होती. पण एवढ्या मोठ्या माणसाला चोर कोण म्हणणार? १९९० नंतर मात्र एकेक गोष्ट उजेडात यायला लागली. पामेला रासमुसेन ही अमेरिकेतली पक्षिशास्त्रज्ञ. रिप्ले यांच्याबरोबर दक्षिण आशियातल्या पक्ष्यांच्या मार्गदर्शक पुस्तकाचं काम करताना तिला माइनर्ट्‌झहागनच्या चिठ्ठ्यांचा संशय येऊ लागला. ब्रिटनचे नायजेल कॉलर यांच्याबरोबर तिनं तो मांडवीचा रानपिंगळा तपासायला घेतला.

आता हे शिंप्याच्या कामासारखं आहे पाहा. प्रत्येक माणसाची पक्षी भरण्याची तऱ्हा वेगळी. कोण कापूस कसा भरतो, काडी कुठे घालतो, टाका कसा घालतो, यावरून हात ओळखता येतो. क्ष-किरणांखाली धरल्यावर दिसलं की हा पक्षी एकदा भरलेला, मग उसवलेला आणि पुन्हा भरलेला आहे. मूळच्या भरणीच्या ज्या खुणा राहिल्या होत्या, त्या खानदेशातल्या जेम्स डेव्हिडसनच्या हाताच्या होत्या. म्हणजे कर्नलसाहेबांनी ब्रिटिश म्युझियममधलाच डेव्हिडसनचा पक्षी पळवला, उसवून पुन्हा शिवला, नवी चिठ्ठी बांधली आणि चोरीचा माल मूळ मालकालाच भेट म्हणून दिला! १९९९ मध्ये 'आयबिस' या ब्रिटिश नियतकालिकात दोघांनी हे सगळं पुराव्यानिशी छापलं.

पण तोवर खरं काम होऊन गेलं होतं. मांडवीची चिठ्ठी खोटी आहे हे ध्यानात आल्यावर रासमुसेनबाईंनी हिशेब मांडला. ती नोंद खोडली तर उरतात फक्त एकोणिसाव्या शतकातल्या जागा: पूर्वेला छत्तीसगड-ओरिसा, पश्चिमेला शहादा-तळोदा. १९९७ च्या नोव्हेंबरात ती, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट असे तिघं भारतात आले. आधी पूर्वेकडे फिरले. काही मिळालं नाही. मग शहाद्याला आले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी, चांगल्या उन्हात, एका उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला दिसला. फोटो निघाले, चित्रफीत निघाली. ११३ वर्षांचा फरारी सापडला.

मला यातली एक गोष्ट फार आवडते. घुबड म्हटलं की माणूस बॅटरी घेऊन रात्री निघतो. आणि हा पठ्ठ्या दिवसाढवळ्या, लख्ख उन्हात, झाडाच्या शेंड्यावर बसणारा.

बातमी वर्तमानपत्रात आली तेव्हा मी परतवाड्याला होतो. परतवाडा म्हणजे मेळघाटचा उंबरठा. वर घाट चढला की चिखलदरा, पलीकडे सेमाडोह, कोलकास, हरिसाल, धारणी. मनात आलं, शहाद्याचं सातपुड्यातलं सागाचं रान आणि आपलं सातपुड्यातलं सागाचं रान यात असा काय फरक? असा विचार करणारा मी एकटा नव्हतो, आणि माझ्या विचारानं काही झालंही नाही. झालं ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांच्या सर्वेक्षणामुळे. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी जुन्या जागांबरोबरच मेळघाटातही रानपिंगळा असल्याचं दाखवून दिलं. नंतर पुण्याच्या प्राची मेहता आणि जयंत कुलकर्णी यांनी वर्षानुवर्षं या रानात पायपीट केली आणि मेळघाटात त्याची चांगली संख्या आहे हे सिद्ध झालं. मेळघाटला व्याघ्र प्रकल्प १९७४ पासून आहे. देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांतला. वाघ मोजायला इतकी माणसं रानात जात होती, आणि डोक्यावर हा बसलेला होता.

मी तो पहिल्यांदा पाहिला २००४ च्या फेब्रुवारीत. सागाची पानगळ झालेली, रान उघडं पडलेलं. बरोबर वाट दाखवायला एक कोरकू म्हातारबा होते आणि माझा एक माजी विद्यार्थी. त्याच्याकडे ३०० मिलिमीटरची उसनी लेन्स होती, माझ्याकडे ३६ फोटोंचा एक रोल. दोन दिवस नुसते पिंगळेच दिसले, साधे, ठिपक्यांचे. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास, एका पाड्याच्या वावराच्या कडेला, सालईच्या झाडावर एक लठ्ठसं पाखरू बसलेलं दिसलं. शेपटी अशी झटक्यानं डावी-उजवी हलवत होतं, जणू माशा वारतं आहे. दुर्बीण लावली. पांढरं पोट. पायमोजे. माझा हात इतका थरथरायला लागला की पहिले चार फोटो हललेले निघाले.

तेवढ्यात त्यानं झेप घेतली, जमिनीवर उतरलं, आणि पंजात एक सरडा धरून परत फांदीवर. भर सकाळी, माणसांसमोर.

मी म्हातारबांना म्हटलं, "बाबा, हे पाखरू शंभर वर्षं कोणाला दिसलं नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाखराकडे पाहिलं. म्हणाले, "कोनाले नाई दिसलं गुरुजी? हे त रोज हितंच बसते."

यावर काय बोलणार? त्यांचं खरं होतं. ते पाखरू सापडायचं बाकी होतं ते लंडनला, वॉशिंग्टनला, मुंबईला. पाड्यावर ते कधी हरवलंच नव्हतं. आणि ते वावराच्या कडेला होतं हाही काही योगायोग नव्हता. पुढे संशोधकांनी तेच सांगितलं, की दाट अंधारं रान याला नको असतं. विरळ सागवान, मोकळी जमीन, शेताची कड, असं त्याला चालतं. सरडे, सापसुरळ्या, उंदीर टिपायला जमीन दिसावी लागते. घरट्याला मात्र जुन्या झाडाची ढोली पाहिजे. म्हणजे माणूस थोडा चालतो, पण जुनी झाडं तोडणारा माणूस चालत नाही. शहादा-तळोद्याकडे रान तोडून शेतं वाढली तिथे त्याची पंचाईत झाली. इकडे मेळघाटात उलट प्रश्न आहे. बोरी, कोहा, कुंड यांच्यापासून सुरू होऊन कितीतरी गावं गाभ्यातून उठवून अकोटकडे सपाटीवर वसवली गेली. त्या उठलेल्या गावांच्या जुन्या वावरांत रान पुन्हा किती दाटेल आणि त्याचं रानपिंगळ्याला काय होईल, हे पाहायला अजून काही वर्षं जावी लागतील. माणसांचं काय झालं हा निराळा आणि मोठा विषय आहे, तो पाखराच्या शेपटीला बांधून बोलू नये असं मला वाटतं.

तर माझा फोटो. छत्तीस फोटोंपैकी एक बरा निघाला. डोळे पिवळेधमक, पोट पांढरं, पंजाखाली फांदीची साल उचकटलेली. २००६ मध्ये वन्यजीव सप्ताहाच्या निमित्तानं अमरावतीला एक लहानसं प्रदर्शन भरलं, त्यात तो लावायचं ठरलं. आणि खाली पट्टीवर ठिकाण काय लिहायचं, असा प्रश्न आला.

दोन-तीन वर्षांतच दिवस बदलले होते. डिजिटल कॅमेरे आले होते. रोल संपायची भीती गेली होती आणि भीतीबरोबर बरंच काही गेलं होतं. आदल्या उन्हाळ्यात एका ओढ्याकाठी स्वर्गीय नर्तकाच्या घरट्यासमोर मी चार गाड्या उभ्या पाहिल्या होत्या. फोटो स्वच्छ यावा म्हणून कोणीतरी घरट्यापुढच्या फांद्या छाटल्या होत्या. मे महिन्याचं ऊन थेट पिलांवर येत होतं. फांद्या कोणी छाटल्या ते मला माहीत नाही, पण त्या मोकळ्या जागेतून फोटो काढणाऱ्यांच्या रांगेत मीही उभा राहिलो होतो. हेही सांगून टाकलेलं बरं. रानपिंगळ्याचा आवाज टेपवर वाजवला की तो आपल्या हद्दीत कोण आलं म्हणून धावून येतो. सर्वेक्षण करणारे ते मोजूनमापून वापरतात. हौशी मंडळी मात्र फोटो मिळेपर्यंत वाजवत राहतात. पाखराचा सगळा वेळ नसलेल्या शत्रूशी भांडण्यात जातो, आणि तिकडे अंडी गार पडतात.

म्हणून मी ठरवलं, खरी जागा सांगायची नाही. इथवर ठीक होतं. 'मेळघाट' एवढंच लिहून थांबलो असतो तर काही बिघडत नव्हतं. पण लोक खोदून खोदून विचारतात, मेळघाटात कुठे? धारणीकडे का? मग मला वाटलं, एकदाच काय ते तोंड बंद करावं. मी पट्टीवर लिहिलं: 'रानपिंगळा. नरनाळा, जि. अकोला. फेब्रुवारी २००४.' खरी जागा अमरावती जिल्ह्यात, त्या किल्ल्यापासून कितीतरी दूर. नरनाळ्याला तशीही माणसं किल्ला बघायला जातातच, चार पक्षिवाले जाऊन हात हलवत परत येतील, असा माझा हिशेब. मला तेव्हा स्वतःच्या हुशारीचं कौतुकच वाटलं होतं.

पुढे फोटो एका स्मरणिकेत छापला गेला, त्याच पट्टीसकट. नंतर शाळेच्या प्रयोगशाळेतही लागला, त्याच पट्टीसकट. मी निवृत्त झालो आणि विसरलो.

२०११ च्या डिसेंबरात एक मुलगी घरी आली. पदव्युत्तर अभ्यास करत होती आणि आमच्या भागातल्या घुबडांच्या जुन्या नोंदी गोळा करून त्या जागा पुन्हा तपासत होती. पाठीवर सॅक, बुटांवर लाल माती. बायकोनं चहा-पोहे दिले. खाता खाता तिनं वही उघडली.

म्हणाली, "सर, तुमच्याच फोटोसाठी आले. नरनाळ्याला चार दिवस काढले. शहानूरच्या बाजूनं, वरच्या पठारावर, सगळीकडे. एकदाही आवाजसुद्धा आला नाही. तुम्ही नक्की कुठल्या अंगाला पाहिला होता, म्हणजे मी तिथली झाडं तरी बघून येते."

मी पोह्यांच्या बशीकडे बघत राहिलो. मग सांगितलं.

ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं नुसतं पेनाचं टोपण लावलं आणि जरा वेळानं म्हणाली, "चार दिवसांचं काही नाही सर. चार दिवस शोधून दिसला नाही, हीपण नोंदच असते. पण मी लिहिलंय काय ते बघा."

वही तिनं माझ्याकडे फिरवली. नरनाळ्यासमोर लिहिलं होतं: २००४ मध्ये होता. २०११ मध्ये नाही. नामशेष झाला असावा. कारण? आणि कारणाच्या रकान्यात तिनं पेन्सिलीनं दोन-तीन गोष्टी लिहिल्या होत्या. पर्यटक. वृक्षतोड. वणवा.

म्हणजे जिथे मी तो कधी पाहिलाच नव्हता, तिथून तो गेला कसा, याची कारणं एक शहाणी मुलगी चार दिवस थंडीत फिरून शोधत होती. हा प्रबंध छापला गेला असता तर त्याचा आधार घेऊन दुसऱ्यानं लिहिलं असतं, त्याचा आधार घेऊन तिसऱ्यानं. मांडवीच्या चिठ्ठीची गोष्ट मला तोवर चांगली ठाऊक होती. वर्गात रंगवून सांगायचो मी ती. कर्नलसाहेबांनी पुन्हा शिवलेला पक्षी आणि माझी पट्टी यांत नातं आहे, हे मात्र वहीवरची ती ओळ वाचेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्यानं नावासाठी केलं, मी पाखरासाठी केलं, हे खरं आहे. पण वहीतल्या रकान्याला हेतू कळत नाही. न सांगणं आणि खोटं सांगणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि मला त्यातली पहिली पुरेशी होती.

मी तिच्या वहीत खरी जागा लिहून दिली. तारीख, वेळ, झाड कोणतं, वावर कोणत्या बाजूला, सगळं. खाली सही केली. प्रबंधात नेमकी जागा छापायची नाही, फक्त तालुका लिहायचा, असं तिनंच सुचवलं. पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला. सालईचं झाड उभं होतं. पाखरू त्या झाडावर नव्हतं, पण पलीकडच्या मोहावर एक जोडी होती.

आता नशिबाचा खेळ पाहा. २०१४ मध्ये रानपिंगळा अचानक मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यात सापडला. सह्याद्रीच्या कुशीत तो असेल असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मग दक्षिण गुजरातेतल्या डांगच्या जंगलातही मिळाला. तिथून तापीकाठची मांडवी काही फार लांब नाही. म्हणजे कर्नलसाहेबांनी ठोकून दिलेली जागा अगदीच अशक्य होती असं नाही! पण त्यानं चिठ्ठी खरी ठरत नाही. मांडवीला पक्षी असेलही, त्या खोक्यातला पक्षी तिथला नव्हता. माझ्या नरनाळ्याचंही तसंच. तिथे रानपिंगळा असला तर मला आनंदच आहे. फक्त तो कोणीतरी डोळ्यांनी पाहून लिहायला हवा.

बाकीची हकीकत थोडक्यात सांगतो. त्याला ह्यूमनी दिलेली 'वेगळंच घुबड' ही पदवी टिकली नाही. २०१८ मध्ये पंकज कोपर्डे, प्राची मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकांचा अभ्यास करून दाखवलं की हा आपल्या साध्या पिंगळ्याच्याच गोतावळ्यातला आहे. आजीला हे सांगायला हवं होतं. त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय यादीत तो 'अति संकटग्रस्त' मधून 'संकटग्रस्त' या एक पायरी बऱ्या गटात आला. पाखरं वाढली असं मात्र नाही. शोधणारे वाढले आणि जागा जास्त कळल्या. प्रौढ पक्षी अजूनही हजाराच्या आतच असावेत, असा अंदाज आहे.

हिवाळ्यात मेळघाटात आता कॅमेरेवाल्यांची वर्दळ असते. त्यांतली पुष्कळशी मंडळी चांगली आहेत. इंटरनेटवर नोंदी ठेवणारी काही संकेतस्थळंही नाजूक पक्ष्यांची नेमकी जागा झाकून ठेवतात, हे मला बरं वाटतं. अजूनही कोणी ना कोणी परतवाड्याला थांबून मला विचारतं, सर, रानपिंगळा कुठे मिळेल? मी सांगतो, मेळघाटात. मेळघाटात कुठे? मग मी चहा मागवतो, आमच्या इतिहासाच्या सरांसारखा.

त्या मुलीचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो होतो. प्रयोगशाळेत फोटो होता, काच थोडी धुरकट झालेली. शिपायाकडून स्टूल मागून घेतलं, फ्रेम उतरवली आणि खालची पट्टी सोलून काढली. नवीन पट्टी घरूनच लिहून नेली होती: 'रानपिंगळा. मेळघाट, जि. अमरावती. फेब्रुवारी २००४.' स्मरणिकेच्या प्रती मात्र कुठे कुठे गेल्या आहेत ते मला माहीत नाही. कोणा वाचकाच्या घरी ती असली आणि त्यात नरनाळ्याचा रानपिंगळा दिसला, तर कृपा करून पेनानं खोडून टाकावं.